मागच्या बॅजला किती पैसे द्यायचे? सेकंडहँड सुपरकारवर वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेली निम्मी पत्रं एकाच मुद्द्यावर आहेत, बजेट ठरलंय, गाडी ठरलीय, घरच्यांना (अर्धवट) सांगूनही झालंय, पण खालचं मॉडेल घ्यायचं की वरचं, म्हणजे गाडीच्या मागच्या बॅजवर कुठलं नाव हवं, इथे घोडं पेंड खातंय. आपल्याला सवय स्विफ्ट नि क्रेटाची, तिथे टॉप मॉडेल म्हणजे खालच्यात जे आहे ते सगळं आणि वर सनरूफ. सुपरकारमध्ये गणित बऱ्याचदा उलटं असतं. वर चढाल तशी पॉवर वाढते हे खरं, पण सोबत सस्पेन्शन कडक होतं, सीटची गादी पातळ होते, वजन घटवायला कुठे कुठे आवाज अडवणारं मटेरियलही काढून टाकतात. म्हणजे पैसे जास्त आणि सुखसोयी कमी! ट्रॅकवर ते बरोबरच आहे म्हणा, पण आपण ट्रॅकवर किती जातो?

प्रश्न : माझा बेदाण्याचा व्यवसाय आहे. ऑडी आर-एट घ्यायची खूप वर्षांची इच्छा. दोन गाड्या बघितल्या, एक २०१० ची व्ही-एट आर-ट्रॉनिक, दुसरी २०१४ ची व्ही-टेन प्लस. दोन्हीत पैशांचा फरक बराच आहे. एजंट म्हणतो प्लसच घ्या, रीसेल राहते. काय करू?
— एक वाचक, सांगली

एजंटचं कमिशन कुठल्या गाडीवर जास्त आहे ते आधी विचारा, ही थट्टा नाही.

आता मुद्द्याचं. तुम्हाला वाटतंय तुम्ही आठ सिलिंडर आणि दहा सिलिंडर यात निवड करताय, पण या दोन गाड्यांत एकदम तीन गोष्टी वेगळ्या आहेत, इंजिन, गिअरबॉक्स आणि सस्पेन्शन, आणि रोजच्या वापरात इंजिनाचा फरक सगळ्यात कमी छळतो. पहिल्या पिढीची आर-एट २००७ ते २०१५ चालली. व्ही-एट म्हणजे ४.२ लिटर, ४२० पीएस (साधारण हॉर्सपॉवरच समजा), नंतर ४३० झाली. व्ही-टेन ५.२ लिटर, ५२५ पीएस, हेच इंजिन थोड्या वेगळ्या ट्यूनमध्ये लॅम्बोर्गिनी गालार्दोत होतं. प्लसमध्ये ते ५५० पर्यंत नेलं. कागदावर शंभरचा स्पीड गाठायला व्ही-एटला साडेचार सेकंदांच्या थोडं वर लागतात आणि प्लसला साडेतीन. तो एक सेकंद सांगली-पेठ रस्त्यावर कुठे वापरणार तुम्ही सांगा.

खरी मेख गिअरबॉक्समध्ये आहे. आर-ट्रॉनिक म्हणजे साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, फक्त क्लच तुमच्या पायाऐवजी हायड्रॉलिक पंप दाबतो, क्लच एकच. मोकळ्या रस्त्यावर, दणकून चालवली की मजा येते, पण गर्दीत प्रत्येक गिअरला मान पुढे-मागे होते आणि चढावर इंचाइंचाने गाडी सरकवत नेली की क्लच भाजून निघतो. २०१२ च्या शेवटी फेसलिफ्ट (त्याच पिढीची सुधारलेली आवृत्ती) आली तेव्हा तो काढून सात स्पीडचा ड्युअल क्लच एस-ट्रॉनिक दिला, आणि माझ्या मते आर-एटच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल तोच, व्ही-टेन आली तो नाही. म्हणून मी लोकांना सांगतो बॅज नंतर बघा, आधी साल बघा. २०१० च्या व्ही-टेनपेक्षा २०१३ ची व्ही-एट चालवायला सुखाची आहे, दोन सिलिंडर कमी असूनसुद्धा. (सहा स्पीडचा मॅन्युअल, तो उघड्या लोखंडी खाचांमधून खटखट गिअर पडणारा, कुठे चांगल्या स्थितीत सापडला तर हा सगळा सल्ला विसरा आणि मला कळवा.)

तिसरं सस्पेन्शन. पहिल्या पिढीच्या बऱ्याच आर-एटमध्ये मॅग्नेटिक राइड असते, शॉकअपच्या तेलात लोखंडाचे बारीक कण, करंट दिला की तेल घट्ट होतं आणि गाडी कडक. बटण दाबून मऊ-कडक करता येतं, आपल्या रस्त्यांना हे वरदान. पण हे शॉकअप गळतात, आर-एटचं जगभर माहीत असलेलं दुखणं आहे हे, आणि एकेक शॉकअप महाग. प्लसमध्ये हा त्रास नाही कारण तिथे साधे, फिक्स, जास्त कडक शॉकअप दिलेत, म्हणजे बिघडायला कमी, पण कंबरेला जास्त.

इथे माझीच एक फजिती सांगतो. मित्राने २०११ ची व्ही-टेन घेतली तेव्हा बघायला मी सोबत होतो, जाणकार म्हणून. मागची काच, खाली लाइट लावलेलं इंजिन, आम्ही दोघं त्यातच रमलो, मालकाने दोनदा रेझ केली, संपलं, टोकन दिलं. चाकाच्या आत कोणी डोकावलंच नाही. महिन्याभराने गाडी लिफ्टवर गेली तर मागचा डावा शॉकअप अर्ध्यापासून खाली ओला, तेलाला धूळ चिकटून काळा लगदा झालेला, साध्या टॉर्चने दिसला असता असा. एक गेला होता, दुसरे रांगेत होते, शेवटी चारही बदलले. बिल बघून मित्र दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तेव्हापासून मी टॉर्च आणि जुनं वर्तमानपत्र घेऊन जातो, पेपर अंथरून आडवं पडायचं, चारही चाकांच्या आत बघायचं, लाज वाटली तरी.

तर तुमच्यासाठी. ती २०१० ची व्ही-एट घ्यायचीच असेल तर क्लच किती शिल्लक आहे ते स्कॅनरवर काढून मागा, कॉम्प्युटर ते सांगतो, "क्लच मस्त आहे साहेब" हे उत्तर नव्हे. शिवाय ही डायरेक्ट इंजेक्शनची इंजिनं, पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, त्यामुळे इनटेक व्हॉल्व धुतले जात नाहीत आणि त्यांच्यावर कार्बनचे थर बसतात, ४.२ तर यासाठी बदनामच आहे. आधी कधी साफ केलेत का, बिल आहे का, विचारा. प्लस घ्यायची तर तिचे सिरॅमिक ब्रेक नीट बघा. डिस्क सहज झिजत नाही, पण टायरवाल्याने चाक काढता-घालताना ठोकली की काठाचा टवका उडतो. काठावरून बोट फिरवा, टॉर्च मारा. डिस्कवर कमीत कमी वजन कोरलेलं असतं, म्हणजे खरी झीज जाडीवर नाही, वजनकाट्यावर कळते. आणि सिरॅमिक डिस्क बदलायची वेळ आली तर चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला म्हणजे काय ते समजेल.

माझं मत विचाराल तर दोन्ही सोडा आणि २०१३ नंतरची साधी व्ही-टेन किंवा व्ही-एट, एस-ट्रॉनिकवाली, शोधा, सहा महिने लागले तरी चालतील. याच दोनमधून निवडायचं म्हटलं तर प्लस, पण ती गिअरबॉक्समुळे, बॅजमुळे नाही. आणि टोकन द्यायच्या आधी तिच्यात अर्धा तास बसून बघा, नुसतं बसून, कारण बकेट सीटच्या कडा उंच असतात आणि आपण चाळिशी ओलांडली की हे प्रकरण शोरूममध्ये कळत नाही, घरी उतरताना कळतं.

प्रश्न : लॅम्बोर्गिनी हुराकान, एलपी ५८०-२ की एलपी ६१०-४? मला रिअर व्हील ड्राइव्ह हवी, बायको म्हणते पावसात फोर व्हीलच बरी. गाडी बाणेरला राहील.
— एक वाचक, पुणे

वहिनींचं म्हणणं चूक नाही, पण पूर्णही नाही. ६१०-४ आपल्याकडे २०१४ ला ३.४३ कोटींना आली, ५८०-२ त्याच्या पुढच्या वर्षी २.९९ कोटींना, दोन्ही एक्स-शोरूम. नावातच सगळं आहे, पीएसचा आकडा आणि किती चाकांना ताकद. इंजिन तेच ५.२ लिटर व्ही-टेन. ५८०-२ मधून पुढच्या चाकांचं ड्राइव्ह काढल्यामुळे ती ३३ किलोने हलकी झाली, नाक हलकं, स्टिअरिंग जास्त बोलतं. शंभरला ३.४ सेकंद विरुद्ध ३.२. तुम्हालाच काय, कुणालाच हा फरक कळणार नाही.

पण पावसात काय होतं ते ड्राइव्हपेक्षा टायर ठरवतो. या गाड्या वर्षाला हजार-दीड हजार किलोमीटर चालतात, त्यामुळे टायरची नक्षी नव्यासारखी असते आणि मालक अभिमानाने दाखवतो, रबर मात्र दगड झालेलं. टायरच्या साइडला चार आकडे असतात, समजा २३१९, म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. तसल्या टायरवर ६१०-४ सुद्धा जूनच्या पहिल्या पावसात, रस्त्यावर वर्षभराचं तेल वर आलेलं असताना, चांदणी चौकाच्या उतारावर तुम्हाला घाम फोडेल. नवे टायर असलेली ५८०-२ त्यापेक्षा कितीतरी बरी. वहिनींना हे आकडे दाखवा.

आणि तुम्ही विचारलं नाही, पण खरा प्रश्न तो आहे, नोज लिफ्ट. दोन्ही मॉडेलमध्ये तो ऑप्शन होता, म्हणजे पहिल्या मालकाने पैसे मोजले असतील तरच आहे. बटण दाबलं की पुढचं नाक चार-एक सेंटीमीटर वर येतं, एवढंच. आता नियमानुसार स्पीडब्रेकर दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद, लांबवर पसरलेला हवा, आणि आपल्या सोसायट्यांच्या गेटमधले बघा, सिमेंटचा उरलेला माल ओतून केलेले, पाऊल टाकावं एवढे अरुंद. लिफ्ट नंतर बसवायची म्हणजे हायड्रॉलिक्स, वायरिंग सगळंच आलं, तो नाद करू नका. लिफ्ट असलेली ५८०-२ आणि लिफ्ट नसलेली ६१०-४ समोर असतील तर पुण्यात मी डोळे झाकून पहिली घेईन. मालकाला सांगा टोकनच्या आधी गाडी आमच्या सोसायटीत आणून दाखवा, बेसमेंटच्या रॅम्पवरून खाली आणि परत वर. बरेच जण कुरकुरतात, पण तीन कोटींची गाडी विकायचीय तर बाणेरपर्यंत यायला काय जातं! वॉचमन काकांना खाली वाकून बघायला सांगा, तुम्ही आत बसलेले असताना नाक घासलं की नाही ते कळत नाही, आवाजच एवढा असतो.

ब्रेकचं एक राहिलं, ६१०-४ ला सिरॅमिक स्टँडर्ड, ५८०-२ ला स्टील. स्टील बघून नाक मुरडू नका, शहरात थंड असताना ते गुपचूप काम करतात आणि डिस्क बदलायला किडनी लागत नाही.

प्रश्न : पोर्शे ९११, कॅरेरा एस आणि जीटीएस यात अडकलोय. दोन्ही २०१५ च्या. ३० पीएससाठी एवढे पैसे जास्त का?
— एक वाचक, ठाणे

९११ ला सुपरकार म्हणायचं का यावर आमच्या ऑफिसात दोन गट आहेत, तो वाद बाजूला ठेवतो.

४०० विरुद्ध ४३० एवढंच बघाल तर जीटीएस महाग वाटेल. पण जीटीएस म्हणजे मुळात कंपनीने स्वतः भरलेली ऑप्शन लिस्ट आहे, स्पोर्ट क्रोनो (ड्रायव्हिंग मोड आणि स्टॉपवॉचचं पॅकेज), स्पोर्ट एक्झॉस्ट, रुंद बॉडी, अल्कांतारा (मखमली लेदरसारखं दिसणारं कापड), हे सगळं एकगठ्ठा. म्हणून तुलना एसच्या बॅजशी करू नका, तुमच्यासमोर उभ्या असलेल्या त्या एसमध्ये काय काय भरलंय त्याच्याशी करा. पुढचं झाकण उघडा, आतल्या बाजूला एक स्टिकर असतो, त्यावर कोडच्या ओळी, प्रत्येक कोड म्हणजे एक ऑप्शन, जसं ४५० म्हणजे सिरॅमिक ब्रेक. फोटो काढून घरी शांतपणे ताडून बघा. भरलेली एस मिळाली तर जीटीएसचे जास्तीचे पैसे वाचले. स्टिकर गायब असेल तर मात्र का गायब आहे ते विचारा, पुढच्या धडकेत झाकण बदललेलं असू शकतं.

एक गोष्ट जीटीएसचे मालक आधी सांगत नाहीत. तिची चाकं सेंटर लॉक असतात, पाच नट नाहीत, मधोमध एकच मोठा नट, तो ६०० न्यूटन मीटरला आवळायचा. साध्या कारचे नट १२०-१३० ला आवळतात. म्हणजे वेगळा सॉकेट, माणसाच्या छातीएवढा लांब टॉर्क रेंच, आणि आत एक जण ब्रेकवर पाय रोवून बसलेला. घोडबंदर रोडला रात्री खड्ड्यात टायर गेला तर शेजारचा पंक्चरवाला बिचारा हात जोडेल. दिसायला झकास आहे हो, पण मी पाच नटवाली एस घेईन.

प्रश्न : एक हुराकान "परफॉर्मान्टे" म्हणून दाखवतायत, किंमत जरा कमीच वाटते. खरी कशी ओळखायची?
— एक वाचक, नाशिक

किंमत कमी वाटते तिथेच थांबायचं. परफॉर्मान्टे म्हणजे हुराकानचं ट्रॅकसाठी कडक केलेलं वरचं मॉडेल, आणि साध्या हुराकानला मागचा विंग, स्टिकर आणि पट्टे लावून परफॉर्मान्टे करणारे खूप आहेत. खऱ्या गाडीत कार्बन फायबरचे भाग कापड विणल्यासारखे एकसारखे दिसत नाहीत, संगमरवरात रेघा असतात तसे तुकडे-तुकडे दाबून बसवलेले दिसतात, आणि सायलेन्सरची दोन तोंडं मागे वर, नंबरप्लेटच्या बाजूला येतात, साध्या गाडीत ती खाली असतात. पण हेही आता बाजारात मिळतं. त्यामुळे चेसिस नंबर घ्या आणि अधिकृत डीलरकडे त्या नंबरची गाडी फॅक्टरीतून काय म्हणून निघाली ते विचारा. आरसीवरचा नंबर आणि गाडीवर कोरलेला नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवा, मोबाइलवर आलेला आरसीचा फोटो चालणार नाही.

आणि खरी निघाली तरी, परफॉर्मान्टे कशासाठी हवीय? ६४० पीएससाठी असेल तर २०१९ पासूनच्या हुराकान इव्होच्या फोर व्हील ड्राइव्ह मॉडेलमध्ये तेच ६४० आहेत, वर मागची चाकंही थोडी वळतात आणि गाडी मणक्याला जास्त दया दाखवते. नाशिक-मुंबईसाठी इव्हो.

प्रश्न : मी दुबईत आहे. इथे जुनी हुराकान भारतापेक्षा खूप स्वस्त मिळते. दोन वर्षं चालवून परत येताना सोबत आणता येईल का? कुठलं ट्रिम, म्हणजे खालचं की वरचं मॉडेल, घेऊ?
— एक वाचक, दुबई

नाही. तिथल्या गाड्या लेफ्ट हँड ड्राइव्ह, आणि भारतात जुनी गाडी आणायची तर राइट हँडच हवी, तीन वर्षांच्या आतली हवी, आणि वर ड्युटी. तेव्हा तिथे घ्या, तिथेच चालवा, तिथेच विका.

ट्रिमचं म्हणाल तर जिच्याऐवजी मी वरच्या उत्तरात इव्हो सुचवली ती परफॉर्मान्टे तुमच्यासाठी अगदी योग्य आहे! रस्ते गुळगुळीत, जेबेल जैसचा घाट ड्राइव्हसारख्या अंतरावर, कडक सस्पेन्शनचं चीज होईल. फक्त जीसीसी स्पेकच घ्या, म्हणजे आखाती उन्हासाठी बनवलेली. अमेरिकेतून लिलावात ठोकलेल्या गाड्या तिथे येतात, दुरुस्त होऊन चकाचक विकल्या जातात, स्वस्त दिसते त्यातली एखादी तसली असू शकते. एअरबॅगपासून रंगाच्या जाडीपर्यंत सगळं तपासून घ्या, तपासणीचे चार पैसे वाचवू नका.

प्रश्न : पाँडिचेरी पासिंगची आर-एट महाराष्ट्र पासिंगच्या तशाच गाडीपेक्षा स्वस्त मिळतेय, तीही वरच्या ट्रिमची. घ्यावी का?
— एक वाचक, कोल्हापूर

ती स्वस्त नाहीये, तिचा टॅक्स अजून भरायचा राहिलाय. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवली की इथला नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी तिकडची एनओसी आणि इथला रोड टॅक्स, गाडीच्या वयाप्रमाणे कमी होऊन, पण इम्पोर्टेड गाडीवर दर चढा असतो त्यामुळे तो कमी झालेला आकडाही सणसणीत. आरटीओतून त्या गाडीचा आकडा लेखी नाही तर निदान तोंडी काढा, तो किमतीत मिळवा, मग वरचं ट्रिम वर राहतं का बघा. आणि एनओसी मालकाने आणून द्यायची, व्यवहाराच्या आधी. "नंतर करून देतो" म्हणणाऱ्याची गाडी माझ्या ओळखीच्या एकाच्या पार्किंगमध्ये गेली दीड वर्षं कव्हरखाली उभी आहे, व्ही-टेन आहे, दर रविवारी तो ती पंधरा मिनिटं सुरू करून ठेवतो आणि बंद करतो.